सवंगड्यांचा खेळ आणि समतोलाचा प्रश्न



या ज्ञानसत्रात लढायांचा इतिहास आपण वेळोवेळी ऐकला आहे, राज्यघटनांचाही ऐकला आहे. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे, त्यात लढाई आहे आणि एका अर्थी घटनाही आहे. मात्र तो इतिहास खेळांचा आहे. पडद्यावर चौघे सवंगडी मिळून एका यंत्रचालित शत्रूशी लढतात, असा संगणकावरील खेळाचा एक प्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. आपल्या घरातील मुले दार लोटून, कानांना यंत्र लावून ज्या खेळात रात्री जागवतात, त्यांपैकीच हा एक. या खेळांतील पात्रांचे आणि शत्रूंचे बळ त्यांचे कर्ते वारंवार कमीजास्त करीत असतात. त्या फेरबदलांवरून २०२४ साली स्वीडनमधील एका मंडळीवर जगभरच्या खेळाडूंचा असा काही रोष ओढवला, की अखेर त्यांना साठ दिवसांत सुधारणा करण्याचे जाहीर वचन द्यावे लागले.

ही गोष्ट ऐकून कोणीही विचारील की, यात एवढे रागावण्यासारखे काय होते? समोरचा शत्रू म्हणजे यंत्र. त्याला जिंकल्याचा आनंद नाही, हरल्याचे दुःख नाही. मग एका बंदुकीतील चार गोळ्या कमी झाल्याने कोणावर अन्याय झाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

खेळाच्या नियमांत समतोलासाठी बदल करण्याची प्रथा नवी नाही. बुद्धिबळाचेच पाहा. हा खेळ आपल्या देशातून इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. त्या साऱ्या प्रवासात आपण ज्याला वजीर म्हणतो ते मोहरे अगदी दुबळे होते. ते तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या बाजूला त्याला आडवे, उभे, तिरपे, हवे तितके चालण्याचे बळ मिळाले आणि उंटालाही लांब पल्ला लाभला. संथ चालणारा डाव एकदम वेगवान झाला. परंतु हा बदल कोणा एकाच्या हुकुमाने झाला नाही. लोकांना तो आवडला, गावोगाव पसरला आणि मुरला. ज्यांना तो नको होता ते जुन्या पद्धतीने खेळत राहिले. आपल्याकडेही प्याद्याने पहिल्या खेपेस दोन घरे जाऊ नये, एकच जावे, असा देशी रिवाज विसाव्या शतकातही पुष्कळ ठिकाणी चालू होता. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवणारे मीर सुलतान खान हे मूळ याच देशी पद्धतीत वाढलेले खेळाडू होते. नियम दोन, खेळ एकच, आणि निवड खेळणाराची.

क्रिकेटमध्ये बदल करण्याची रीत वेगळी पडली. चेंडू ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा घेऊन आत वळला तर फलंदाजाने खुशाल पाय पुढे घालावा आणि बॅट उचलून धरावी, हा प्रकार फार बोकाळला तेव्हा १९३५ साली इंग्लंडमध्ये पायचीतचा नियम प्रयोगादाखल बदलण्यात आला. दोन वर्षांनी तो कायम झाला. येथे बदल करणारी समिती होती, प्रयोगाचा काळ होता, चर्चा होती. शिवाय दोन्ही संघांना फलंदाजीही करायची होती आणि गोलंदाजीही. एका हाताने जे गेले ते दुसऱ्या हाताने मिळाले.

या दोन्ही खेळांत माणसासमोर माणूस आहे. तेथे समतोल म्हणजे काय हे सांगणे सोपे आहे: कोणा एका बाजूला अकारण झुकते माप मिळू नये. तराजूला दोन पारडी आहेत आणि दोन्हींत माणसे बसली आहेत. आता यांपैकी एक पारडे रिकामे करून तेथे यंत्र बसवले, आणि सगळी माणसे दुसऱ्या पारड्यात एकत्र आणली, तर काय होते? आपला आजचा विषय येथून सुरू होतो.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर परग्रहावरील शत्रूंच्या रांगा हळूहळू खाली सरकत येतात आणि खेळाडू खालून त्यांच्यावर गोळ्या झाडतो. गंमत अशी, की त्या काळच्या यंत्राची शक्ती बेताची होती. पडद्यावर शत्रू पुष्कळ असले म्हणजे यंत्राला ते सारे रेखाटताना वेळ लागे, म्हणून ते सावकाश हलत. शत्रू मरत गेले की यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले भराभर धावू लागत. निशिकादोंच्या ध्यानात आले की यंत्राच्या या दुबळेपणामुळेच खेळाला रंग चढतो आहे. त्यांनी तो तसाच राहू दिला. जिंकू लागलेल्या खेळाडूसाठी खेळ आपोआप कठीण होत जातो, हे तत्त्व अशा रीतीने जवळजवळ योगायोगानेच प्रस्थापित झाले.

१९८५ साली अमेरिकेतील अटारी गेम्सने एड लॉग यांच्या कल्पनेतून साकारलेला ‘गॉन्टलेट’ हा खेळ आणला. नाणे टाकून खेळण्याचे ते मोठे पेटीयंत्र होते आणि त्याच्यासमोर चौघे एकाच वेळी उभे राहू शकत. योद्धा, वीरांगना, जादूगार आणि अरण्यवासी एल्फ अशी चार पात्रे होती. योद्धा हातघाईत बळकट, जादूगार मंत्रविद्येत प्रवीण, एल्फ चपळ, वीरांगनेचे चिलखत भक्कम. प्रत्येकाला एक गुण दिला आणि त्याच्याजोगी एक उणीव दिली. अन्नाचे ताट एकच आणि भुकेले चौघे, अशी वेळ तेथे पदोपदी येई. एखाद्याने चुकून ताटावरच बाण सोडला तर ते नष्टही होई. सवंगड्यांमधील भांडण आणि समजूत या दोन्ही गोष्टी खेळाचा भाग झाल्या. मात्र त्या यंत्राची मेख अशी, की काळ सरेल तसतशी खेळाडूची शक्ती आपोआप घटत जाई आणि आणखी एक नाणे टाकले की ती वाढे. त्यामुळे शत्रूचे बळ किती असावे याचा हिशेब काही अंशी गल्ल्याच्याही हिशेबाने ठरत असे, हे विसरून चालणार नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला. खेळाडूच्या डोळ्यांतून रणभूमी दाखवणारे नेमबाजीचे खेळ याच्या यशानंतर घरोघर पसरले. संगणक तारेने जोडून चौघांना मिळून तो खेळण्याचीही सोय होती. त्यातील कठीणातली कठीण पायरी तरबेज खेळाडूंना थोड्याच दिवसांत सोपी वाटू लागली. तेव्हा १९९४ च्या सुरुवातीच्या सुधारित आवृत्तीत ‘नाइटमेअर’ म्हणजे दुःस्वप्न नावाची नवी पायरी जोडण्यात आली. तीत शत्रू अधिक वेगाने धावून येत आणि मेलेले शत्रू काही वेळाने पुन्हा उठून उभे राहत. खेळ एकदा विकला गेल्यावरही त्यातील शत्रूचे बळ बदलता येते, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसली. पण येथे जुन्या पायऱ्या तशाच ठेवल्या आणि वर एक नवी बांधली. कोणाच्या हातातून काही काढून घेतले नाही. पुढे जे वादळ झाले ते समजण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवावा.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २००८ च्या नोव्हेंबरातला. व्हॉल्व्ह कंपनीने ‘लेफ्ट फोर डेड’ हा खेळ प्रसिद्ध केला. रोगाने पिसाळलेल्या माणसांच्या झुंडींतून चौघांनी वाट काढायची, एवढीच त्याची कथा. यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली ही, की चौघांपैकी एकालाही दुसऱ्यापेक्षा अधिक बळ नव्हते. मात्र काही शत्रू असे रचले होते, की त्यांच्या पकडीत सापडलेल्या गड्याला बहुधा स्वतःची सुटका करून घेता येत नसे. एक शत्रू अंगावर झेप घेऊन दाबून ठेवी, दुसरा दुरून जिभेचा फास टाकून ओढून नेई. जवळ सवंगडी असेल तरच प्राण वाचत. एकट्याने पुढे धावणाऱ्या शूराला तेथे धडा मिळे. म्हणजे सहकार्याचा उपदेश नियमपुस्तकात छापण्याऐवजी तो शत्रूच्या अंगातच घातला होता.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे पडद्याआडचा ‘दिग्दर्शक’. हा माणूस नव्हे, ती एक गणनपद्धती होती. खेळाडूंवर किती ताण आला आहे याचा ती सतत अंदाज घेई. ताण शिगेला पोहोचला की शत्रूंचा ओघ थोडा आवरी, त्यांना दम खाऊ देई, आणि मग पुन्हा झुंड सोडी. कीर्तनकार बुवा जसे श्रोत्यांचा रंग पाहून आख्यान आवरते घेतात किंवा वाढवतात, तसेच हे होते. समतोल ही एकदा ठरवून कायम ठेवण्याची संख्या नाही, तो क्षणाक्षणाला साधावा लागतो, हे या खेळाने दाखवले.

डेन्मार्कमधील घोस्ट शिप गेम्स या मंडळीने २०१८ साली लोकांपुढे ठेवलेला आणि २०२० साली पूर्णत्वास नेलेला ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ हा खेळ याच वाटेवरचा. खाणीत उतरलेले चार बुटके: एक टेहळ्या, एक अभियंता, एक तोफची आणि एक खणणारा. खनिज उंच कड्यावर असते. टेहळ्याजवळ दोरीचा आकडा आहे, तो तेथवर पोहोचतो, पण त्याला तेथे पाय टेकायला जागा नाही. अभियंता खालून फळीसारखा आधार चिकटवून देतो आणि मग टेहळ्या कुदळ चालवतो. घर बांधताना गवंडी, सुतार आणि पाथरवट यांचे जसे एकमेकांवाचून अडते, तसेच येथे. खेळाडू कमी असले तर शत्रूंचे बळ आणि संख्या बेताची राहते, जास्त असले तर वाढते. आपल्या गल्लीतील मुले धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ करून खेळात घेतात, ते बाद झाले तरी त्याला बाहेर काढत नाहीत. त्या व्यवहारामागे जे शहाणपण आहे तेच या गणितामागे आहे. खेळ सर्वांना खेळता यावा, म्हणून नियमाने थोडे वाकावे.

एवढ्या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येईल. ज्या खेळात माणसे एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला, तेथे समतोल साधायचा असतो तो सवंगड्यासवंगड्यांमध्ये. प्रत्येकाची प्रत्येकाला गरज राहिली पाहिजे, ही त्याची कसोटी. एखादे पात्र किंवा हत्यार इतके प्रबळ झाले, की ते ज्याच्या हाती आहे त्याला इतर तिघे नसले तरी चालेल, तर शत्रू हरला तरी सहकाराचा खेळ बुडाला असे समजावे. ही कसोटी हातात घेऊन आता आपण २०२४ च्या प्रसंगाकडे येऊ.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथील ॲरोहेड गेम स्टुडिओज ही मंडळी २००८ पासून काम करीत आहे. २०१५ साली त्यांनी ‘हेलडायव्हर्स’ नावाचा खेळ केला होता. त्याचा दुसरा अवतार, ‘हेलडायव्हर्स टू’, सोनी कंपनीने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध केला. चौघा सैनिकांनी परग्रहावर उतरायचे. एकीकडे टर्मिनिड नावाचे महाकाय कीटक, दुसरीकडे ऑटोमॅटन नावाचे यंत्रसैनिक. आपली गोळी सवंगड्याला लागली तर तोही मरतो. शिवाय जगभरचे सारे खेळाडू एकाच मोठ्या युद्धात सामील असतात. कोणता ग्रह जिंकला, कोणता गमावला, हे सर्वांच्या मिळून केलेल्या पराक्रमावर ठरते. पहिल्या बारा आठवड्यांत या खेळाच्या एक कोटी वीस लाख प्रती खपल्याचे सोनीने जाहीर केले. एवढा लोकसमुदाय येईल अशी कर्त्यांची तयारी नव्हती. आरंभीच्या दिवसांत खेळाडूंना आत शिरण्यासाठी ताटकळत राहावे लागे.

या खेळात चार्जर नावाचा एक शत्रू आहे. माजलेल्या रेड्यासारखा तो अंगावर धावून येतो आणि त्याच्या अंगावर जाड कवच असते. त्याच्यासाठी दोन साधने होती. एक रिकॉइललेस रायफल, म्हणजे खांद्यावरची तोफ. तिचे गोळे पाठीवरच्या पिशवीत असत आणि प्रत्येक गोळ्यामागे ती पुन्हा भरावी लागे. एकट्याने भरायची तर वेळ फार जाई. परंतु सवंगड्याने पिशवी आपल्या पाठीवर घेतली आणि शेजारी उभे राहून गोळे भरले, तर तोफ सपाट्याने चाले. दुसरे साधन रेलगन. तिला पिशवी नको, सोबती नको. थोड्या नेमक्या गोळ्यांत चार्जरच्या पायाचे कवच उडवता येई आणि मोकळ्या पाठीवर ढालयंत्र चढवता येई. कठीण पायऱ्यांवर चार्जर एकामागून एक येत. साहजिकच जो तो रेलगन, ढालयंत्र आणि ब्रेकर नावाची छऱ्यांची बंदूक घेऊन उतरू लागला. दोघांनी मिळून चालवण्याची तोफ मागे पडली आणि एकेकट्याने चालवण्याची बंदूक पुढे आली. आपल्या कसोटीने पाहिले तर कर्त्यांना हे खटकले, यात नवल नाही.

६ मार्च २०२४ रोजी त्यांनी पहिला मोठा फेरबदल केला. रेलगनची कवचभेदक शक्ती घटवली, ब्रेकरच्या एका भरणीतील काडतुसे सोळांवरून तेरांवर आणली, ढालयंत्र पुन्हा उभे राहण्याचा अवधी वाढवला. त्याच वेळी ज्वालाफेक्यासारखी काही हत्यारे बळकटही केली. असे बळ घटवण्याला खेळाडूंच्या बोलीत ‘नर्फ’ म्हणतात. मुलांसाठी स्पंजाच्या गोळ्या उडवणारी जी खेळणी मिळतात त्यांच्या नावावरून तो शब्द आला. बळ वाढवण्याला ‘बफ’ म्हणतात. लोकांनी बफ पाहिला नाही, नर्फ तेवढा पाहिला. आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. चार्जर तितकेच येत होते, त्यांचे कवच तितकेच जाड होते. त्यांच्याविरुद्धचे हाताशी असलेले सोयीचे साधन मात्र बोथट झाले होते. रोग तसाच ठेवून काठी काढून घेतली, असे झाले. कर्त्यांनाही हे उमगले असावे, कारण त्याच महिन्यात त्यांनी चार्जरच्या डोक्याची सहनशक्ती कमी केली. रिकॉइललेस रायफलचा एक नेमका गोळा डोक्यावर बसला की तो कोसळू लागला. सोबत्याची गरज असलेल्या तोफेला अशा रीतीने पुन्हा मान मिळाला. हाच उपाय आधी केला असता, तर पुष्कळ कटुता टळली असती.

मे महिन्यात मंडळीच्या कारभारात बदल झाला. संस्थापकांपैकी योहान पिलेस्टेट यांनी प्रमुखपद सोडून खेळाच्या रचनेकडे लक्ष द्यायचे ठरवले आणि शम्स जोर्जानी प्रमुख झाले. परंतु फेरबदलांचा क्रम थांबला नाही. ६ ऑगस्ट २०२४ रोजी एक मोठी भर आली: नवे शत्रू आले, सर्वांत कठीण अशी दहावी पायरी आली, त्याबरोबर आगलाव्या ब्रेकरच्या राखीव भरण्या सहांवरून चारांवर आल्या आणि ज्वालाफेक्याची ज्वाला कवचावर आपटून परतू लागली. पूर्वी तीच ज्वाला चार्जरचा पाय जाळून त्याला पाडीत असे. दुर्दैव असे, की दोनच दिवसांनी नव्या आगलाव्या हत्यारांचा एक संच यायचा होता. तो पैसे देऊन, अथवा खेळातच शोधून मिळणाऱ्या नाण्यांनी घ्यायचा. ज्वालेची धार कमी करायची आणि लगोलग ज्वालेचीच हत्यारे दुकानात मांडायची, हे लोकांना रुचले नाही. नापसंतीच्या अभिप्रायांचा पाऊस पडला. तेव्हा खेळाचे दिग्दर्शक मिकाएल एरिकसन यांनी जाहीर निवेदन करून साठ दिवसांचा कार्यक्रम मांडला. समतोलासाठी समतोल नको, खेळण्यातला आनंद राखण्यासाठी तो हवा, हे त्या निवेदनाचे सार होते.

वचन पाळले गेले. १७ सप्टेंबरच्या फेरबदलात कितीतरी हत्यारे एकदम बळकट झाली. रेलगनला आणि ज्वालाफेक्याला गेलेले बळ परत मिळाले. अवजड शत्रूंची कवचे सौम्य झाली, म्हणजे त्यांच्यावर निरनिराळ्या हत्यारांची मात्रा चालू लागली. आणि रिकॉइललेस रायफल तर अतिशय प्रभावी बनली. १५ ऑक्टोबरला दुसरा हप्ता आला. रोष बराच निवळला. मग दुसऱ्या बाजूने सूर उमटला: आता खेळ फार सोपा झाला, दहावी पायरीही दहावी वाटत नाही, असे काही जुने खेळाडू म्हणू लागले. मंडईतल्या तराजूसारखे हे आहे. एका पारड्यात वजन टाकले की काटा मध्यावर थांबत नाही, आधी पलीकडे जातो.

या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. कर्ते म्हणतात: एकच हत्यार सर्वोत्तम ठरले तर बाकीची पन्नास हत्यारे केवळ शोभेची राहतात आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. ते हत्यार तसेच ठेवून इतर सर्वांना त्याच्या बरोबरीला आणावे, तर शत्रू पिचका पडतो. मग शत्रूला बळ द्यावे लागते आणि फिरून पहिल्याच ठिकाणी यावे लागते. हा युक्तिवाद गणिताला धरून आहे. बंदुकीचे बळ निम्मे केले काय किंवा शत्रूचे बळ दुप्पट केले काय, कागदावर उत्तर एकच येते.

खेळाडूंचे उत्तर कागदावरचे नाही. ते म्हणतात: आमच्या हत्याराने कोणत्याही माणसाचे नुकसान झाले नव्हते. ते मिळवण्यासाठी आम्ही मोहिमा केल्या, त्याची सवय हाताला लावून घेतली, त्याच्या भरवशावर सोबत्याला वाचवले. शत्रू बलवान होऊन आला तर ते संकट. त्याच्याशी आम्ही लढू. पण हातातले हत्यार रातोरात निकामी झाले तर ते संकट नव्हे, ती जप्ती. शेतकऱ्याचे पीक दुष्काळाने गेले आणि पीक कोणी खळ्यावरून उचलून नेले, यांत धान्याचा हिशेब एकच असला तरी मनाचा हिशेब एक नाही. माझ्या मते या वादाचे मर्म येथे आहे. दिले नाही याचे दुःख माणूस सोसतो. दिलेले परत घेतल्याचे सोसत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपणा न खेळणाऱ्यांनाही विचार करायला लावील. बुद्धिबळाचा वजीर बलवान झाला तेव्हा ज्याला जुना डाव प्रिय होता त्याने आपल्या ओसरीवर तो चालू ठेवला. त्याच्या पटावरचा वजीर कोणी येऊन बदलला नाही. ‘डूम’च्या वेळीही जुनी आवृत्ती ज्याच्या त्याच्या घरी राहिली. जाळ्यावर चालणाऱ्या आजच्या खेळाची गोष्ट तशी नाही. स्टॉकहोममध्ये एका सकाळी नियम बदलला, की तो त्याच दिवशी पुण्याच्या, नागपूरच्या आणि टोकियोच्या खेळाडूच्या पटावर बदलतो. जुन्या नियमाने खेळण्याची मुभा कोणालाच नसते. सारे एकाच युद्धात सामील असल्यामुळे नियमही एकच ठेवणे भाग असते. खेळ विकत घेतला तरी त्याचे नियम विकत मिळत नाहीत. ज्याला खेळ सोडून जाण्याखेरीज दुसरा मार्ग नाही, त्याच्याजवळ ओरडण्याचेच साधन उरते. म्हणून तो ओरडतो. त्या ओरडण्यात पोरकटपणाही पुष्कळ असतो, शिवीगाळही असते, तिचे समर्थन कोणी करू नये. रडीचा डाव खेळणारे सर्वत्र असतात. परंतु सारेच रडीचे खेळाडू होते असे म्हणून हा प्रसंग निकालात काढणे हाही आळस होय.

कर्त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रिकेटच्या समितीला प्रयोगासाठी दोन हंगाम मिळाले. बुद्धिबळाला तर शतके मिळाली. येथे एका लहान मंडळीला लाखो लोकांसमोर, चालू खेळात, आठवड्यांच्या हिशेबाने निर्णय घ्यावे लागत होते. धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच ते काम. त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. सहकार टिकावा, निवडीला अर्थ राहावा, हाच तो हेतू होता. हेतू बरोबर आणि क्रम चुकीचा, असे त्यांच्याकडून मार्चमध्ये घडले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घडले. दोन्ही वेळा आधी घेतले आणि मागाहून दिले. आधी दुबळ्या हत्याराला उभे करायचे, जाचक शत्रूला आवरायचे, लोकांना नवे काही हाती लागू द्यायचे. आणि इतक्यानेही भागले नाही तरच, कारण सांगून, बलवान हत्याराला हात लावायचा, हा क्रम सप्टेंबरात सापडला. तोपर्यंत विश्वासाची बरीच पुंजी खर्ची पडली होती.

नियम करणारा आणि नियम पाळणारा यांच्यात जेथे जेथे नाते असते, तेथे हा प्रश्न उभा राहतो. सहकारी संस्था चालवणारे, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम करणारे, घरातील वडील मंडळी, या सर्वांना तो ठाऊक आहे. सर्वांच्या हितासाठी कोणाचे तरी काही कमी करावे लागते, हे खरे. पण ते कसे आणि केव्हा कमी केले यावर लोक त्याला न्याय म्हणतील की लूट, हे ठरते. पडद्यावरचे कीटक आणि यंत्रसैनिक काल्पनिक आहेत. चौघांनी एकमेकांवर टाकलेला भरवसा मात्र काल्पनिक नाही, आणि खेळणाऱ्यांनी नियम करणारावर टाकलेला भरवसाही नाही. खेळाच्या कर्त्याला तोल साधायचा असतो तो या दोन भरवशांचा. बंदुकीत गोळ्या तेरा असाव्यात की सोळा, हा त्याच्या नंतरचा प्रश्न आहे.

घरी गेल्यावर मुलाने किंवा नातवाने आपली आवडती बंदूक ‘नर्फ’ झाल्याचे गाऱ्हाणे केले, तर त्याला हसून वाटेला लावू नका. कोणाची बंदूक, कोणी बदलली, त्याने सवंगड्यांच्या खेळात काय फरक पडला, एवढे तीन प्रश्न त्याला विचारा. तो उत्साहाने उत्तरे देईल, आणि त्या उत्तरांत आपल्याला परिचयाचे असे पुष्कळ काही ऐकू येईल.